राहून गेलेलं नाव

आमच्या घरी चातुर्मासात 'पांडवप्रताप' वाचला जाई. आजी माजघरात पाटावर बसायची, पोथीचं बासन सोडायची आणि समईच्या उजेडात ओळीखाली बोट फिरवत एकेक ओवी वाचायची. शेजारच्या खोलीत आजोबा अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. त्यांचं अंग पुसायला, कूस बदलायला, पेज भरवायला एक बाई ठेवलेली होती. आम्ही मुलं तिला मावशी म्हणायचो. पोथी सुरू झाली की ती दोन खोल्यांमधल्या उंबऱ्यापाशी येऊन बसायची. एक कान पोथीकडे, एक आजोबांच्या कण्हण्याकडे. द्यूतसभेचा अध्याय आला की आजीचा आवाज भरून यायचा. अशाच एका रात्री वाचन संपल्यावर मावशीने विचारलं, "काकू, एवढ्या मोठ्या वाड्यात कामाच्या बाया असतीलच की. त्या कुठं होत्या तवा?" आजी काही बोलली नाही. तिने पोथीला नमस्कार केला आणि बासन बांधलं.

पुढे कित्येक वर्षांनी, वडील गेल्यावर, त्यांच्या हिशेबाच्या वह्या माझ्याकडे आल्या. त्या वर्षांच्या वहीत दर महिन्याच्या एक तारखेला एक नोंद आहे : 'बाईस रु. ४०'. दूधवाल्याचं नाव आहे, न्हाव्याचं आहे, वैद्यबुवांचं आहे. म्हशीचंसुद्धा आहे : 'चंद्रीस पेंड'. साडेतीन वर्षं आजोबांचं सगळं जिने काढलं, तिचं नाव त्या वहीत एकदाही नाही. मीही ते कधी विचारलं नव्हतं.

त्याच दिवसांत मी आदिपर्व वाचत होते. गांधारीचं गर्भारपण दोन वर्षं लांबलं, पोटाच्या भाराने ती हैराण झाली, तेव्हा एका वैश्य स्त्रीने धृतराष्ट्राची सेवा केली आणि तिच्या पोटी युयुत्सू जन्मला, एवढंच तिथे येतं. लगेच पुढे शंभर कौरवांची नावं ओळीने सांगितली आहेत. दुःशलेचंही नाव आहे. या बाईचं नाही. वही आणि पर्व टेबलावर शेजारी शेजारी उघडी होती. माझी कादंबरी त्या संध्याकाळी सुरू झाली.

कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर गावोगावच्या वाचकांनी एक प्रश्न सतत विचारला : पुन्हा महाभारतच का? सगळं सांगून झालेलं असताना आता काय उरलंय? प्रश्न रास्त होता. माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते माझ्यापुरतं. माझ्याआधी ज्यांनी ही कथा पुन्हा हाती घेतली, त्यांना ती का घ्यावीशी वाटली, याचा शोध घेत गेले, आणि त्यातून हे पुस्तक झालं. जुनी कथा पुन्हा सांगणाऱ्या लेखकाची खासगी प्रेरणा हा त्याचा विषय आहे. या वाटेवर पहिल्यांदाच येणाऱ्या वाचकासाठी मुलूख कसा आहे, हे आधी सांगते.

पुन्हा सांगणं हा मूळ ग्रंथाचा अपमान आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी महाभारत कुठून सुरू होतं ते पाहावं. नैमिषारण्यात सौती शौनकादी ऋषींना ही कथा सांगतो. त्याने ती जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनाच्या तोंडून ऐकलेली असते, आणि वैशंपायनाला ती व्यासांकडून मिळालेली असते. म्हणजे हा ग्रंथ आपल्या हाती येतो तोच पुनर्कथन म्हणून. कालिदासाने त्यातली शकुंतला घेतली. आदिपर्वातला दुष्यंत तिला पूर्ण ओळखत असतो आणि भर सभेत जाणूनबुजून नाकारतो. दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी ही कालिदासाची भर. त्या भरीमुळे राजा वाचला, नाटक कोवळं झालं, आणि आदिपर्वातल्या शकुंतलेचा तो भर सभेतला संताप मात्र मागे पडला. पुनर्कथनात काहीतरी मिळतं आणि काहीतरी हरवतं, हा धडा इतका जुना आहे.

मराठीत या परंपरेला सातशेहून अधिक वर्षं झाली. महानुभाव कवींनी रुक्मिणीस्वयंवर आणि शिशुपाळवध ओवीत आणले. एकनाथांनी 'भावार्थ रामायण' लिहायला घेतलं. त्यांचे नातू मुक्तेश्वर यांनी महाभारताची पर्वं मराठीत उतरवली. श्रीधरांचे 'रामविजय' आणि 'पांडवप्रताप' घरोघरी पोचले, आमच्या माजघरापर्यंत. मोरोपंतांनी तर एकशे आठ रामायणं रचली. या कवींची प्रेरणा भक्तीची होती, तशीच भाषेचीही. संस्कृतातला ठेवा ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या ओंजळीत तो पडावा, ही तळमळ. या पहिल्या संप्रदायात कथा तीच राहते, बोली आपली होते. पण बोली आपली झाली की माणसंही थोडी आपली होतात. सीतास्वयंवराच्या पंगतीत मराठी पक्वान्नं वाढली जातात, ती म्हणूनच.

याच काळात, कागदाला हात न लावलेल्या बायका जात्यावर आपलं रामायण गात होत्या. त्यांची सीता वनवासात एकटी बाळंत होते, आणि गाणारीच्या पोटात कालवतं ते आपल्या माहेरच्या आठवणीने. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये अशा ओव्या गोळा केल्या. पुढे गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या कामातून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या नोंदल्या गेल्या. त्यांतली सीतेची गाणी वाचताना वाटतं, पुनर्कथनाची खरी खासगी प्रेरणा पाहायची तर इथेच पाहावी. यांतल्या किती बायकांची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

दुसरा संप्रदाय रूपकाचा. मराठी रंगभूमीची सुरुवातच पुनर्कथनाने झाली : 1843 साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं. पण जुन्या कथेत वर्तमानाचा दारूगोळा भरला तो कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी. 1905 साली बंगालची फाळणी झाली. 1907 साली रंगभूमीवर 'कीचकवध' आलं. सैरंध्रीवर हात टाकणारा कीचक प्रेक्षकांनी ती फाळणी करणारा लॉर्ड कर्झन म्हणूनच पाहिला, आणि 1910 मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. 'केसरी'त जे उघड लिहिता येत नव्हतं ते विराटाच्या महालात बोलता आलं. पुराणकथेची ही एक मोठी सोय : ती सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून न बोललेलंही ऐकू जातं.

तिसरा संप्रदाय कथा उलट बाजूने पाहणाऱ्यांचा. महात्मा फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी'त दशावतारांची कथा हरलेल्यांच्या अंगणात उभं राहून सांगितली. पाताळात ढकललेला बळी त्यांच्यासाठी शेतकऱ्यांचा राजा होता. आणि फुले हे हवेतून काढत नव्हते. दिवाळीत आयाबाया इडा पिडा टळून बळीचं राज्य यावं असं म्हणतच होत्या. गावाच्या ओठांवर जे होतं त्याला फुल्यांनी युक्तिवादाचा कणा दिला. नंतरच्या दलित कवितेतले एकलव्य आणि शंबूक याच वाटेने आले. तिथे प्रेरणा शोधायला फार दूर जावं लागत नाही. ज्याच्या आजाला पाणवठ्यावरून हाकललं, त्याला कापलेला अंगठा ही दंतकथा वाटत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर कादंबरी या कथांकडे वळली आणि चौथा संप्रदाय उभा राहिला : पात्राच्या मनात शिरून त्याच्याच तोंडून कथा सांगणारा. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण लेखकाची खासगी प्रेरणा इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

1959 साली वि. स. खांडेकरांची 'ययाति' आली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1961 मध्ये, कन्नडमध्ये गिरीश कार्नाडांचं 'ययाति' हे नाटक आलं. कथा एकच. शापाने म्हातारा झालेला राजा मुलाकडे तारुण्य मागतो, आणि धाकटा पुरू ते देतो. खांडेकर तेव्हा साठी ओलांडलेले होते. शिरोड्याच्या शाळेत उमेदीची वर्षं घालवलेल्या, ध्येयवादावर जगलेल्या या शिक्षकाला स्वातंत्र्यानंतरच्या समाजात भोगाची वाढती भूक दिसत होती आणि ती त्यांना छळत होती. त्यांना कथेत ययाती दिसला, आणि त्याला जाब विचारण्यासाठी मूळ कथेत लवकर निघून जाणाऱ्या कचाला त्यांनी अखेरपर्यंत जवळ ठेवून घेतलं. कार्नाड नाटक लिहिताना बावीस वर्षांचे होते. शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला निघालेले. घरच्यांना धास्ती की मुलगा तिकडचाच होईल. आईवडिलांच्या अपेक्षांचं ओझं खांद्यावर असलेल्या त्या तरुणाला त्याच कथेत पुरू दिसला : बापासाठी आपलं आयुष्य द्यायला निघालेला मुलगा. आणि पुरूच्या मागे त्यांना आणखी कुणीतरी दिसलं. त्यांनी पुरूला चित्रलेखा नावाची बायको दिली. नवऱ्याने एका रात्रीत म्हातारपण पत्करलं, पण तिला कुणी विचारलं का?

साठीतल्या माणसाला बाप दिसला, बावीस वर्षांच्या पोराला मुलगा. या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर ते हेच : जुन्या कथेत लेखक प्रथम आपण कुठे उभे आहोत ते पाहतो. कथेत एखादी जागा मोकळी राहिलेली असते आणि लेखकाच्या आयुष्यात एखादा सल. दोन्ही एकमेकांवर नेमके बसले की कथा पुन्हा सांगावीच लागते. नुसती कथेची आवड असली तर पुनर्कथन शोभिवंत होतं, आणि नुसता सल असला तर ती तक्रार होते.

1966 आणि 1967 ही दोन वर्षं या विषयात फार मोलाची आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात 1919 पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं होतं. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या 1,259 हस्तलिखितांचे पाठ ओळीओळीने ताडून पाहायचे, जुन्या आणि बहुतेकांना समान असलेल्या ओळी वर ठेवायच्या, बाकीच्या तळटीपांत आणि परिशिष्टांत लावायच्या. वि. सी. सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी या कामात आयुष्यं घातली. सत्तेचाळीस वर्षांनी, 1966 साली, ते पुरं झालं. तेव्हा कळलं की आपल्याला तोंडपाठ असलेलं बरंचसं महाभारत नंतर आलेलं आहे. गणपती लेखनिक झाल्याची गोष्ट मूळ संहितेतून बाहेर गेली. मी सूताला वरणार नाही, हे द्रौपदीचं स्वयंवरातलं वाक्यही तळाशी गेलं. कर्णाच्या दुःखाचा उगम म्हणून जे वाक्य आपण ऐकत आलो, ते कुणीतरी मागाहून घातलेलं होतं! मला तर तिथे त्या अनाम कथेकऱ्याचाच सल दिसतो.

पुढच्याच वर्षी, 1967 साली, मराठीत दोन पुस्तकं आली. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आणि शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय'. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ. भारतभरची नातेव्यवस्था त्यांनी गावोगाव हिंडून अभ्यासलेली. चिकित्सक आवृत्ती पुढे ठेवून त्या गांधारीला, कुंतीला, कर्णाला प्रश्न विचारतात, आणि कुणालाच सूट देत नाहीत. पण द्रौपदीच्या शेवटच्या क्षणापाशी आल्यावर त्याच इरावतीबाई पुराव्याचं बोट सोडतात. पडलेल्या द्रौपदीजवळ त्या भीमाला परत आणतात, आणि हे आपल्या कल्पनेतलं आहे हेही प्रामाणिकपणे सांगतात. शास्त्रज्ञाला तिथे कादंबरीकार व्हावंसं का वाटलं, हे कोडं मला 'युगान्त'च्या इतर सगळ्या निष्कर्षांहून मोठं वाटतं.

सावंतांचा रस्ता नेमका उलटा. आजऱ्यात जन्मलेला, कोल्हापुरात शाळेत शिकवणारा हा सत्ताविशीतला तरुण. केदारनाथ मिश्र 'प्रभात' यांच्या हिंदी 'कर्ण' काव्याने झपाटलेला. कादंबरीसाठी कुरुक्षेत्र स्वतःच्या पायांनी तुडवून आलेला. त्यांनी सहा जणांच्या तोंडून कर्ण उभा केला, आणि गुणवान असूनही 'तू कुणाचा?' या प्रश्नाला अडलेल्या पिढीने तो डोक्यावर घेतला. स्त्रीपर्वात कर्णाच्या देहाशी आक्रोश करणारी त्याची बायको आहे. 'वृषसेनाची आई' एवढीच तिची ओळख. आज घरोघरी तिला वृषाली म्हणतात, ते सावंतांच्या कादंबरीमुळे. एका कादंबरीकाराने एका बाईला नाव दिलं आणि लोकांनी ते मानून घेतलं. पुनर्कथनाच्या ताकदीचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही. त्याच्या जबाबदारीचंही.

आजूबाजूच्या भाषांतही हेच घडत होतं. धर्मवीर भारतींनी देशाच्या फाळणीच्या जखमा ओल्या असताना, 1954 साली, हिंदीत 'अंधा युग' हे नाटक लिहिलं. 1979 सालच्या 'पर्व' या कन्नड कादंबरीसाठी एस. एल. भैरप्पा हिमालयात, जिथे एका बाईचे अनेक नवरे ही रीत अजून चालू होती तिथे जाऊन राहिले. द्रौपदीचा संसार त्यांना चुलीपासून समजून घ्यायचा होता. उमा कुलकर्णींच्या अनुवादाने 'पर्व' मराठी वाचकाचंच झालं. मल्याळममध्ये एम. टी. वासुदेवन नायरांनी भीमाकडून महाभारत पाहिलं. सतत दुसऱ्या नंबरावर राहिलेला तो पांडव त्यांनी स्वतःच्या जिवावरच्या दुखण्यानंतर हाती घेतला. कुणाला मोडलेला देश, कुणाला अपरिचित गाव, कुणाला मृत्यूची चाहूल. ग्रंथ तोच.

आज या सगळ्याची उजळणी का करायची? कारण आपल्याकडे कथा ऐकण्याची रीत बदलली आहे. 1987 ते 1990 या काळात दूरदर्शनवर आधी 'रामायण' आणि मग 'महाभारत' आलं आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. त्यातून लाखो घरांत कथा पोचली हे खरं. पण कृष्णाचा एक चेहरा, भीष्माचा एक आवाज कायमचा ठसला हेही खरं. 2020 च्या टाळेबंदीत पुढच्या पिढीनेही तेच चेहरे पाहिले. आता फोनवर दीड मिनिटाच्या चित्रफिती फिरतात आणि प्रत्येक जण 'खरं महाभारत हेच' म्हणतो. ज्या भाषेत एकच कवी एकशे आठ वेळा रामायण सांगू शकला, त्या भाषेत एका वेगळ्या सांगण्याने भावना दुखावू लागल्या आहेत. पुनर्कथनाची सातशे वर्षांची ही वाट वाचकाला माहीत असली, तर तो इतक्या लवकर दुखावणार नाही असं मला मनापासून वाटतं.

दुसरा धोका लेखकांच्या बाजूचा. जुनी कथा उलटी करणं ही आता रीतच झाली आहे. खलनायकाला नायक केलं, एखाद्या स्त्रीपात्राला हातात मशाल दिली, की पुस्तक तयार. अशी पुस्तकं भराभर वाचून होतात आणि मागे काही उरत नाही, कारण लिहिणाऱ्याचं त्यात काही गुंतलेलं नसतं. कथा पुन्हा सांगण्याचा अधिकार सगळ्यांना आहे. पण तो घेताना व्यासांचं काय, मागाहून आलेलं काय आणि आपलं काय, हे स्वतःशी स्वच्छ असायला हवं. इरावतीबाईंनी ते केलं. मीही माझ्या कादंबरीच्या बाबतीत ते इथे करते.

हे पुस्तक म्हणजे पुनर्कथनांचा इतिहास नाही. कोणती कादंबरी थोर, कोणती दुय्यम, असा निवाडाही त्यात नाही. रणजित देसाईंचा 'राधेय', दुर्गा भागवतांचं 'व्यासपर्व', अरुणा ढेरे यांचं 'कृष्णकिनारा' या प्रत्येकावर वेगळा ग्रंथ होईल. मी प्रत्येक लेखकापाशी एकच गोष्ट शोधली आहे : ग्रंथातली ती जागा, जिथे त्याचा पाय अडकला. काही ठिकाणी लेखकानेच ती सांगून ठेवली आहे. काही ठिकाणी त्याने घातलेल्या नव्या पात्रावरून किंवा वाढवलेल्या प्रसंगावरून तिचा माग काढला आहे, आणि तो माग माझा आहे असं तिथे म्हटलं आहे. शेवटचा भाग माझ्या स्वतःच्या कादंबरीचा. तो लिहिताना संकोच वाटला. पण इतरांच्या मनाची दारं ठोठावायची आणि आपलं लावून घ्यायचं, हे बरं दिसलं नसतं.

युयुत्सूचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. युद्धाच्या तोंडावर युधिष्ठिराने हाक दिली तेव्हा तो कौरवांची बाजू सोडून पांडवांकडे आला. धृतराष्ट्राच्या मुलांपैकी वाचला तो हाच. 'अंधा युग'मध्ये या परतलेल्या मुलाला गांधारीचे जहरी बोल ऐकावे लागतात. पण त्याला जन्म देणारी तिथेही दिसत नाही. अखेरच्या प्रवासाला निघताना पांडवांनी परीक्षिताला गादीवर बसवलं आणि राज्याची देखरेख युयुत्सूकडे सोपवली. म्हणजे एवढ्या संहारानंतर हस्तिनापूर सांभाळलं ते एका अनाम बाईच्या मुलाने. कादंबरी लिहिताना तिला नाव द्यावं की नाही, यावर मी दोन वर्षं अडले. सावंतांसारखं धाडस करावं असं फार वाटलं. शेवटी दिलं नाही. तिचं नाव राहून गेलं, ही त्या ग्रंथातली खरी गोष्ट आहे, आणि ती झाकायचा मला अधिकार नाही असं वाटलं.

मावशीच्या बाबतीत मात्र तसं नव्हतं. तिचं नाव होतं, फक्त आम्ही विचारलं नव्हतं. कादंबरी छापून झाल्यावर मी आत्याकडे गेले. आत्याने तेव्हा ऐंशी ओलांडलेली. मावशीचा मुलगा मुंबईला गिरणीत होता, आणि त्याला धाडायची पत्रं आत्याच लिहून द्यायची. मी विचारल्यावर ती थोडा वेळ डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "पत्राच्या शेवटी तुझी आई असं लिहून झालं की ती म्हणायची, खाली नाव पण घाला ताई, त्याला कळू दे मीच सांगितलंय." आणि आत्याने ते नाव सांगितलं.

या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत तेवढं एकच नाव छापलं आहे. ते पान उलटून तुम्ही इथवर आला आहात. पुढे जाण्याआधी एकदा मागे जाऊन ते मोठ्याने वाचा.